चिंचेनं घासलेलं रिव्हॉल्व्हर

माझे सासरे पेटीतलं रिव्हॉल्व्हर कधी उघड्या हाताने काढत नसत. आधी धुतलेला रुमाल पंजावर पसरायचा, मगच ते बाहेर यायचं. "घामातलं मीठ लोखंडाले खाते," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला बजावत.

मी लग्न होऊन डोणगावात आले तेव्हा महाराष्ट्र राज्य नवंनवं होतं. मामाजी, सासऱ्यांना मी तसंच म्हणे, दर रविवारी सकाळी शेतातल्या उंच बांधावर चुन्याचा ठिपका काढत आणि वीस पावलांवरून मोजून पाच गोळ्या झाडत. शिकारीचा त्यांना तिटकारा. "जीव घेतल्यानं नेम सुधरते काय?" म्हणत. रिव्हॉल्व्हर जुनं विलायती होतं, पोलादावर मोराच्या मानेसारखी निळी झाक. त्यांच्या एका मित्राकडे चकचकीत पांढरं होतं. त्याचंही ते मनापासून कौतुक करत, पण घरी येताना म्हणत, "देखणं हाय, पण ऊन पडलं का डोळे दिपतात. आपलं निळं गप राह्यते. नेम तेवढा दिसते."

माझा पहिलाच दसरा. सासूबाई म्हणाल्या, "पूजेची हत्यारं घासून ठेव." पाटावर विळे, कुऱ्हाड आणि गोळ्या काढून ठेवलेलं रिव्हॉल्व्हर होतं. माहेरी माझ्या भांडी घासण्याचं भारी कौतुक व्हायचं. चिंच आणि राख घेऊन बसले. निळी झाक मला मळच वाटली, ती लवकर जाईना तसा मला चेवच आला. शेवटी ते पांढरंशुभ्र करूनच उठले, आणि पाटावर मधोमध ठेवलं.

मामाजी अंघोळ करून आले, त्यांनी पाटाकडे पाहिलं आणि रुमालाने रिव्हॉल्व्हर उचलून उजेडाकडे धरलं. सासूबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. मला वाटलं, आता माहेरचा रस्ता. मग ते म्हणाले, "सूनबाई, तुही काजळाची डबी आण."

नळीच्या टोकाशी नेम धरायला एक बारीक उंचवटा असतो, माशी म्हणतात त्याला. तिला त्यांनी माझं काजळ फासलं. "आता चमकणार नाही. पण निळाई गेली, लोखंड उघडं पडलं, याले रोज तेल लागन. ते काम तुहं."

पुढे कित्येक वर्षं मी ते केलं. "तेल कमी, पुसणं जास्त," एवढंच ते शेजारी बसून सांगत. गंजाचा एक ठिपका पडू दिला नाही. पण दर रविवारी काजळ लावताना त्यांचा चेहरा पाहिला की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

ते गेल्यावर रिव्हॉल्व्हर ठाण्यात जमा करावं लागलं. जमादाराने पेटी उघडली, परवाना पाहिला आणि हसला. "परवान्यात रंग निळा हाय. दरवर्षी तपासणीले आम्ही विचारो, अन् बुवा म्हणत, 'म्याच घासलं चिंचेनं, बुद्धी फिरली होती.' सारं ठाणं हसे. एवढा जपणारा माणूस, अन् भांड्यावानी घासलं."

हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. ज्या माणसाची हत्यार जपण्यात हयात गेली, तो माझ्यापायी दरवर्षी तिथे उभा राहून हसं करून घेत होता. मला रडू आवरेना.

"दादा, त्यायनं नाही घासलं. म्या घासलं. तसं लिवा."

"आता लिहून काय फायदा, बाई?"

"तरी लिवा."

त्याने नोंदवहीत लिहिलं. मग तो पेटीत हात घालू लागला, तेव्हा मी त्याला थांबवलं आणि माझ्याजवळचा रुमाल त्याच्या पंजावर पसरला.