मॅचिंग सेंटरमधले सहा राक्षस

अक्का व्हिडिओ गेम उभ्यानं खेळायच्या. दुकानाच्या काउंटरला टेकून, एक डोळा हातातल्या यंत्रावर आणि दुसरा रस्त्यावर. गिऱ्हाईक पायरी चढलं की यंत्र ब्लाउजपीसच्या गठ्ठ्यावर ठेवायच्या, साडीच्या पदराला कापड लावून रंग जुळवून द्यायच्या, आणि गिऱ्हाईक पायरी उतरायच्या आत यंत्र पुन्हा हातात. "सरी, पुढं काय?" 'सरी' म्हणजे कानडीत 'बरं'. हे त्या गिऱ्हाइकाला विचारतायत, मला की यंत्रातल्या राक्षसाला, ते कधीच कळायचं नाही.

एका जागी बसणं ज्यांना जमतच नाही अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. अक्का त्यातल्या अर्क होत्या. चहा उभ्यानं, पेपर उभ्यानं, जेवण स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभ्यानं. बंगळुरात, बसवनगुडीतल्या त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत मी भाड्यानं राहायचो. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि मी नागपूर सोडून जयनगरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत चिकटलो होतो. अक्कांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरातलं. त्या बोलायच्या मराठीच, पण मधेमधे कानडी शब्द आपसूक यायचे. मी त्यांच्या मराठीला हसायचो, त्या माझ्या मराठीला. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. खाली रस्त्याच्या बाजूला मॅचिंग सेंटर, ते त्या एकट्या सांभाळायच्या. एकुलता एक मुलगा अमेरिकेत शिकत होता.

यंत्र त्या मुलाचंच. पहिल्या सुट्टीत आला तेव्हा बाहेरून आला की त्यात डोकं घालायचा आणि त्यातून डोकं काढलं की बाहेर जायचा. मग त्यानं नवं रंगीत यंत्र घेतलं आणि हे जुनं करडं, विटेसारखं जड धूड घरी टाकून गेला. गल्लीतल्या पोरांना देऊन टाक म्हणाला. अक्कांनी दिलं नाही.

एका रविवारी सकाळी त्यांनी मला खाली बोलावलं आणि ते माझ्यापुढे धरून म्हणाल्या, हे शिकव. मला हसू आलं. अक्कांना आलं नाही.

"डिसेंबरात येतोय तो," त्या म्हणाल्या. "घरात थांबत नाही बघ. मित्र, स्कूटर, हॉटेल. मी काय बोलायचं त्याच्याशी? त्याचं मला कळत नाही, माझं त्याला नको. ह्याच्यात तरी एक दुपार माझ्यापाशी बसू दे की."

आमच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत हाच खेळ चालायचा. कुणीतरी परदेशातून यंत्रं आणली होती, दोन यंत्रं वायरनं जोडायची आणि आपापले राक्षस लढवायचे. मीही एक यंत्र घेतलं होतं आणि स्वतःला मोठा उस्ताद समजत होतो. त्यामुळे शिकवायला मी एका पायावर तयार झालो.

खेळ सांगायला सोपा. प्रत्येकाची सहा राक्षसांची टीम. पाण्याचा राक्षस आगीच्या राक्षसाला भारी, आगीचा गवताच्याला, गवताचा पाण्याच्याला. एकाच जातीचे सहा घेतले तर समोरचा एकटाच सगळ्यांना लोळवतो. म्हणून टीममध्ये तोल हवा. एवढं समजायला आमच्या ऑफिसातल्या इंजिनियरांना आठवडा लागला होता. मला वाटलं, अक्कांना महिना लागेल. पण त्यांनी मागच्या फळ्यांवर रंगवार रचलेल्या कापडांकडे हात केला आणि म्हणाल्या, उद्या कुठली साडी पायरी चढेल कुणाला ठाऊक, म्हणून सगळे रंग ठेवायचे, हेच ना? हेच, मी म्हणालो आणि जरा हिरमुसलो.

पण गाडं पुढं अडलं. प्रत्येक राक्षसाला चार डाव शिकवता येतात. मी सांगत होतो तसं, जोरात मारणारे दोन-तीन तरी हवेत, मार खाऊन उभा राहणारा एखादा, झोपवणारा एखादा. अक्का मान डोलवायच्या आणि दुसऱ्या दिवशी मारणाऱ्यांपैकी एकाला काढून टाकलेलं असायचं. त्याच्या जागी जखमा भरून काढणारा. तिसऱ्या दिवशी दुसराही गायब, आणि तिथे समोरच्याचा मार अर्ध्यावर आणणारा. सकाळी मी दाढी करत असताना दारावर थाप पडायची. त्या पाण्याच्याला हे शिकवू की ते? संध्याकाळी ऑफिसातून आलो की जिन्यातच गाठायच्या. कुकरच्या शिट्ट्या मोजायचं विसरायच्या, भात करपायचा. करपलेला भात मीही खाल्ला आहे.

सुरुवातीला मी त्यांना चहा उकळेपर्यंत हरवायचो. दिवाळीनंतर मला त्यांना हरवणंच जमेना. त्याही मला हरवत नव्हत्या. मी मारायचो, त्या भरून काढायच्या. मी पुन्हा मारायचो, त्या मला झोपवायच्या. मी वैतागून यंत्र खाली ठेवायचो.

"अक्का, अहो, मारणार कोण?"

"बघूया की," म्हणायच्या, आणि साडीचा पदर घेऊन आलेल्या बाईकडे वळायच्या.

मला वाटायचं, अक्कांना तोल हा शब्दच कळलेला नाही. डिसेंबर जवळ आला तशा त्या आणखीच अस्वस्थ झाल्या. गठ्ठे काढायच्या, लावायच्या, टीम मोडायच्या, जुळवायच्या. मलाही काम सुचेना.

मुलगा आला. उंच, हसरा, लाघवी पोरगा, आणि अगदी आईवर गेलेला. एका जागी ठरेल तर शपथ. येण्याचं कौतुक सरायच्या आत त्याच्या मित्रांच्या स्कूटर दाराशी लागायला लागल्या. अक्का यंत्र पदराखाली घेऊन घरभर फिरायच्या आणि विचारायचं राहून जायचं. शेवटी न राहवून मीच एका रविवारी दुपारी त्याला सांगितलं, की तुझी आई तुला खेळात आव्हान देते आहे. तो खो खो हसला. मग आईच्या हातातलं यंत्र पाहून थांबला. "अम्मा, तू? चल, मित्र येईपर्यंत एक डाव."

वायर जोडली. आणि अक्का बसल्या. दुकानातल्या स्टुलावर, पदर खोचून, नीट पाय जुळवून. इतक्या महिन्यांत मी त्यांना बसलेलं प्रथमच पाहत होतो.

पोरानं पहिलाच घाव जबरदस्त घातला. अक्कांनी भरून काढला. त्यानं दुसरा घातला, अक्कांनी त्याच्या राक्षसाला झोपवलं. तो हसला, मग हसायचा थांबला, मग पुढे सरकून बसला. कुठली साडी पायरी चढली तरी अक्कांच्या फळीवर तिला जुळणारं कापड होतं. बाहेर स्कूटर आली. त्यानं मान वर न करता सांगितलं, तुम्ही व्हा पुढं. स्कूटर गेली. चहा झाला, तो निवला. मधेच तो तिकडच्या खोलीतल्या थंडीबद्दल काहीतरी बोलला. मग स्वयंपाक कसा बिघडतो ते. मग एका परीक्षेत नापास झाल्याचं, जे त्यानं फोनवर कधी सांगितलं नव्हतं. डोळे पडद्यावर असले की माणसाला बोलायला सोपं जातं बहुतेक. अक्का 'हं, हं' करत डाव टाकत होत्या.

बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं, "अम्मा, तू मारत का नाहीस?"

"मारलं की संपतं की रे," अक्का म्हणाल्या.

पोरानं आपला सगळ्यात दांडगा राक्षस मागे घेतला आणि एक साधासुधा पुढे केला. मी उठून वर गेलो. तिथे माझं काही काम नव्हतं, आणि इतके दिवस तोल म्हणजे काय ते मी कुणाला शिकवत होतो, याची लाजही वाटत होती.

मुलगा परत गेल्यावर घर पुन्हा रिकामं झालं. अक्कांचं मन रमवावं म्हणून मी यंत्र घेऊन खाली गेलो, म्हटलं खेळू एक डाव. त्यांनी कापडाच्या घड्या घालता घालता मान हलवली.

"तुझ्याशी कशाला? तू इथंच आहेस की."

पुढच्या वर्षी मला पुण्यात नोकरी मिळाली. अक्का आता नाहीत, मॅचिंग सेंटरही नाही. ते मला त्यांच्या मुलाकडूनच कळलं. पुण्याला निघायच्या दिवशी मी सामान आवरून निरोप घ्यायला दुकानात उतरलो तेव्हा मला वाटलं होतं, डबा देतील, नीट जा म्हणतील आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतील. त्यांनी डबा दिला. मग काउंटरचं फळकूट उचलून मला आत घेतलं, दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं आणि खणातून वायर काढली.

मी बॅग उघडून तळाशी ठेवलेलं यंत्र काढलं. अक्का स्टुलावर बसल्या होत्या, मी गठ्ठ्यांवर बसलो. माझ्या टीममध्ये चांगले चार जण नुसते मारणारे होते. त्या दुपारी मी एकदाही मारलं नाही.