अक्षराच्या पोटातला उजेड

“तुमची अक्षरं ओरडतात हो. गावठी वाटतात. जरा बारीक करा,” पुण्यातल्या ग्राहकाने सांगितलं. मथळ्यांसाठी वर्षभर खपून केलेला माझा देवनागरी फॉन्ट, पट्टी-कंपासने आखल्यासारखा, ठसठशीत. बारीक केला नाही तर काम हातचं जाणार होतं. माझं डोकंच सणकलं. ही अक्षरं मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाट्या बघत शिकले, आणि त्यांना गावठी म्हणता? बॅग भरली नि त्याच पाट्यांकडे निघाले.

चंद्रपूरला तर्री-पोहे हाणले आणि मूल गावावरून जाणारी सावलीची एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट आहे, खिडकी मात्र भांडून मिळवावी लागते. मूल सोडलं की दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, लागतात. पाण्याची बाटली चंद्रपूरलाच भरून घ्या.

सावलीत सुखदेवभाऊ पेंटर बुद्धविहाराच्या कमानीवर नाव रंगवत होते. साठी उलटलेली, हात मात्र स्थिर. गेरूत बुडवलेली दोरी ताणून एक फटका मारला की शिरोरेषा आखून तयार. लहानपणी पाहिलेल्या निम्म्या पाट्या यांच्याच हातच्या. मी माझ्या फॉन्टमध्ये छापलेला मोठा कागद पुढे केला. त्यावर आमच्या मुलखाचं नाव होतं, ‘झाडीपट्टी’. भाऊंनी तो हातात घेतलाच नाही. समोरच्या भिंतीला चिकटवायला लावला, रस्ता ओलांडला आणि डोळे किलकिले केले.

“बाई, तुमचा झ दिसूनच नाई राह्यला. डांबराचा गोळा वाटते.”

मलाही तो गोळा दिसला. वर्षभर मी हे अक्षर स्क्रीनवर हातभर अंतरावरूनच पाहिलं होतं. लाज वाटली.

“म्हणजे बारीक करू?”

“काऊन?” भाऊ उखडलेच. “माह्या आज्याचं नाव कोनी कुठी लिवतच नव्हतं. आता मी लिवतो त जाडच लिवीन. जाडी राहू द्या. पोट मोकळं करा. पोटातून उजेड आला पायजे.”

पांढऱ्या रंगात ब्रश बुडवून त्यांनी झच्या आतल्या फटी रुंद केल्या. मी रस्त्यापलीकडे जाऊन पाहिलं, तर शब्द स्वच्छ वाचता येत होता. मग त्यांच्याच घरी भात, वांग्याची भाजी आणि जवसाची चटणी जेवले.

दुसऱ्या दिवशी गडचिरोली, चामोर्शी करत मार्कंड्याला गेले. देवळातल्या मूर्ती पाहताना माझं लक्ष एकाच गोष्टीकडे होतं, कोरणाऱ्याने हात आणि कमरेच्या मध्ये केवढी जागा सोडली आहे. वैनगंगेच्या काठी लॅपटॉप उघडून एकेका अक्षराचं पोट मोकळं करत बसले. जाडीला हात लावला नाही.

पुण्याला घरी परतल्यावर ग्राहकाला फॉन्ट पाठवला. सोबत लिहिलं, ‘जाडी तेवढीच आहे. बारीक हवा असेल तर दुसरं कोणी शोधा.’ त्यांनी शोधलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

भाऊंनी रंगवलेला तो कागद मी गॅलरीच्या कठड्याला लावलाय. परवा रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवरून एका आजोबांनी मान वर करून विचारलं, “अहो, ही झाडीपट्टी कुठे आली?”

मी गॅलरीतूनच ओरडून सांगितलं.