डाव्या टेकडीमागचे चोवीस स्वार

पंचाने मला फसवलं. समोरच्या खेळाडूने नाही, पंचाने. आणि फसवून झाल्यावर स्वतःच्या घरात, सहा माणसांसमोर, मला हात जोडून माफी मागू दिली.

खेळ म्हणजे टेबलावरची लढाई. महिन्यातून एका रविवारी दुपारी आम्ही भांडुपला पंचांकडे जमायचो. सोफा भिंतीला सरकवायचा, दोन टेबलं जोडून त्यावर प्लाय टाकायचा, वर हिरवं कापड, थर्माकोलच्या टेकड्या. बोटाच्या पेराएवढे धातूचे सैनिक टेपने अंतर मोजून पुढे न्यायचे आणि कोण मेलं ते फाशांनी ठरवायचं. माझ्या बायकोने एकदा विचारलं, "जिंकलं की मिळतं काय?" काहीच मिळत नाही. मी मरोळला जुनी लेथ मशीनं घेतो आणि विकतो. दुसऱ्याच्या गाळ्यात झाडू मारण्यापासून सुरुवात केली, आता गाळा माझा आहे. आठवडाभर प्रत्येक वाक्यात भाव असतो. काहीच मिळत नाही अशी ती एकच जागा होती.

पंच निवृत्त ड्राफ्ट्समन. सगळे त्यांना काका म्हणतात. मला वाचायला लावलं तेही त्यांनीच. त्यांच्या कपाटात विज्ञानकथांच्या चार रांगा आहेत. शाळा सुटल्यावर मी पुस्तक हातात धरलं नव्हतं. पहिलं पुस्तक परत देताना मी म्हणालो, "यान त्या ग्रहावर पोचलं, पण परतीचं इंधन कुणी दिलं ते लेखक सांगतच नाही." काका खूप हसले आणि दुसरं पुस्तक काढून दिलं. "यात इंधनाचा हिशोब आहे, घे." तेव्हापासून दर महिन्याला एक.

आता नियम. फौजेचा काही भाग लपवता येतो. कुठे लपवला ते लढाईआधी चिठ्ठीवर लिहून पंचाकडे द्यायचं. शत्रू तिथे पोचला की पंच चिठ्ठीतली तेवढी ओळ मोठ्याने वाचतो आणि मग ते सैनिक टेबलावर येतात. चिठ्ठीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, कारण तीत अजून न उघडलेल्या तुकड्याही असतात. धंद्यात मी माल पाठवल्याच्या साध्या चलनाचीसुद्धा कॉपी ठेवतो. त्या चिठ्ठीची ठेवली नाही. काकांकडे कॉपी कसली मागायची?

त्या रविवारी माझ्यासमोर मुलुंडचे एक गृहस्थ होते. सोसायटीचे सेक्रेटरी, तिसऱ्यांदाच आलेले. दर महिन्याला सोफा सरकवून काकू कंटाळल्या होत्या आणि या गृहस्थांच्या सोसायटीत रिकामा हॉल होता. देतो म्हणाले होते, अजून दिला नव्हता.

मराठे माझे, निजाम त्यांचा. त्यांच्या तोफा डाव्या टेकडीला वळसा घालून पुढे आल्या. टेकडीमागे माझे चोवीस स्वार होते. एकेका घोड्याचा रंग वेगळा, सगळं काम माझ्या हातचं, वर्ष गेलं त्यात.

"काका, चिठ्ठी," मी म्हणालो.

काकांनी चष्मा वर केला, चिठ्ठी पाहिली. "स्वार उजव्या टेकडीमागे आहेत."

"डाव्या. मी डावी लिहिलंय."

"उजवी आहे रे."

"दाखवा."

"दाखवता येत नाही, तुला माहितीये. तुझी दुसरी तुकडी आहे यात."

मुलुंडचे गृहस्थ समजुतीने म्हणाले, "घाईत होतं हो असं."

त्या 'हो'वर माझं डोकं फिरलं. टेप आपटला, एक टेकडी खाली गेली, तोंडाला येईल ते बोललो. कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "ए, बस ना यार, इथे काय मशीन विकतोयस?" सगळे हसले. काका टेकडी उचलून जागेवर ठेवत होते, माझ्याकडे बघत नव्हते.

तोफांनी माझं पायदळ झोपवलं. स्वार रिकाम्या उजव्या बाजूला उभे राहिले. चहा येईपर्यंत मलाच वाटायला लागलं की हात चुकला असेल. उठून आधी काकांची माफी मागितली, मग मुलुंडवाल्यांची. काका म्हणाले, "असू दे रे."

निघताना नेहमीसारखं पुस्तक आणलं. मालवाहू यानावरच्या खलाशांची गोष्ट. हाताला येईल तो कागद खूण म्हणून घालायची काकांची सवय आहे. घरी वाचताना पुस्तकाच्या मध्यावर माझी चिठ्ठी निघाली. माझं अक्षर. 'चोवीस स्वार, डावी टेकडी.' मी ते प्रकरण वाचून संपवलं, मग चपला घालून परत भांडुप गाठलं.

काकांनी दार उघडलं. मी चिठ्ठी पुढे धरली. त्यांनी ती हातातसुद्धा घेतली नाही.

"दोनदा हरले होते रे ते," ते म्हणाले. "तिसऱ्यांदा हरले असते तर आलेच नसते. हॉल गेला असता."

"मग मला सांगायचं."

"तू ऐकलं असतंस?"

"घासाघीस केली असती. पण ऐकलं असतं. हरलो असतो मी स्वतःहून."

"खेळ आहे तो. एवढं काय?"

"आणि माफी? ती का मागू दिलीत?"

काका उंबऱ्याकडे बघत म्हणाले, "तुझी तूच मागितलीस ना."

मी आयुष्यात पुष्कळ सौदे केलेत, त्यातले काही वाईट. दुसऱ्याचा माल त्याला न विचारता दिला असं एकदाही केलं नाही. काकांनी माझे स्वार दिले, ते मी विसरलो असतो. त्यांनी माझ्या शब्दाची पतही देऊन टाकली. तापट माणूस आहे, ओरडतो, मग चूक कळली की माफी मागतो, ही माझी ख्याती आधीपासून होतीच. ती त्यांना फुकटात वापरता आली.

आता खेळ मुलुंडच्या हॉलमध्ये होतो. पंखे चांगले आहेत म्हणे. मी जात नाही, आणि मी एकदा हरलो म्हणून रुसून बसलोय असं तिथे बोललं जातं. काका ते ऐकतात आणि फासे गोळा करतात.

हॉल त्यांना लखलाभ. लढाईही निजामाच्या नावावर राहू द्या. पण ज्या सहा जणांसमोर मी हात जोडले, त्यांच्यासमोर काकांनी उभं राहून सांगावं, चिठ्ठीत काय होतं आणि त्यांनी काय वाचलं. आणि मी माफी मागत असताना 'असू दे रे' म्हणायला तोंड उघडलं, तेव्हा खरं का बोलले नाहीत, याचं उत्तर द्यावं. दारात नाही. तिथे, सगळ्यांसमोर.