नखावरचा थेंब

कुणी भेटलं की मी आधी त्याची नखं बघते. चेहरा माणूस घरूनच नीटनेटका करून आणतो, नखांचं कुणाच्या लक्षात नसतं. लग्नात पंगतीला वाढताना, एसटीत दांडा धरलेल्या हातांवर, दुकानात सुटे पैसे परत देणाऱ्या बोटांवर माझी नजर जाते ती तिथेच राहते. माझी सून एकदा म्हणाली, "आई, पाहुण्यांच्या हातांकडे असं टक लावून बघू नका, त्यांना वाटेल आपण अंगठ्यांची किंमत काढतोय." मी हसले. पण सवय काही गेली नाही आणि आता जाणारही नाही. ती मला माझ्या आईच्या अंगठ्याने लावली.

आमचं गाव रत्नागिरीपासून एसटीने तासाभराच्या वाटेवर, कातळाखाली. वडील मुंबईला गोदीत होते. गणपतीला आणि शिमग्याला यायचे, चार दिवस राहायचे आणि आईला वर्षभराच्या सूचना देऊन जायचे. मागे आई आणि मी. भातापुरती जमीन होती, आणि पावसाळा सोडून बाकी दिवस आई काजूच्या कारखान्यात जायची. कारखाना म्हणायचं आपलं. पत्र्याची शेड, बाहेर काजू भाजायची भट्टी, आत ओळीने बसून बी फोडणाऱ्या बायका.

काजूच्या टरफलात तेल असतं, त्याला आम्ही चीक म्हणतो. तो लागला की कातडी भाजते, मग सालपटं निघतात आणि नखं काळी पडतात. बायका हाताला राख लावायच्या, खोबरेल लावायच्या, तरी व्हायचं ते व्हायचंच. कारखान्यात जाणारी बाई बाजारात हातांवरून ओळखू यायची. लग्नाकार्याला जायचं असलं की आई नखांवर मेंदी थापायची, म्हणजे काळ्यावर लाल चढून जरा बरं दिसे. तिला त्या नखांची लाज होती. मला त्या वयात आईलाच लाज वाटते याचा राग यायचा.

पावसाळ्यात शेड बंद. बायका लावणीला जायच्या. मग आषाढ-श्रावणात एक गोष्ट आपोआप घडायची. नख मुळाकडून नवं यायचं आणि काळेपणा पुढे पुढे सरकत टोकाला जायचा. आई पायरीवर बसून ब्लेडने तो काढून टाकायची. अंगठ्याची नखं सगळ्यात हळू वाढतात, त्यांच्यावर उरलंसुरलं लिंबाच्या सालीने घासायची. गणपतीच्या नैवेद्याची उकड मळायला हात स्वच्छ हवेत, म्हणून हे सगळं. गावातल्या सगळ्या काजूवाल्या बायकांचं असंच. त्यांचे हात वर्षातून एकदाच त्यांचे स्वतःचे दिसायचे, ते गणपतीत.

ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं असतील. माझ्या लग्नाचं बोलणं नुकतंच निघालं होतं. त्या ज्येष्ठात आईच्या उजव्या अंगठ्याच्या नखाची कड सुजली. नखुरडं म्हणून तिने लिंबाला भोक पाडलं आणि अंगठा त्यात खुपसला. दोन दिवस ती तशीच भाकऱ्या थापत होती, अंगठ्यावर लिंबू घेऊन. आम्ही दोघी खूप हसलो. सूज उतरली. पण नखावर एक उभी काळी रेघ होती, मुळापासून टोकापर्यंत, पेन्सिलीने ओढल्यासारखी, ती तशीच राहिली. बाकी नखांचा काळेपणा सरकला. रेघ सरकेना. टोक कापलं तरी खाली आहे तशी.

शेडमधल्या बायकांनी हात उलटासुलटा करून पाहिला. "चीक मुरलाय. नख वाढला की जायल," असा निकाल दिला. त्यांचंही चूक म्हणता येत नाही. सगळ्यांची सगळी नखं काळी, त्यात एका नखाची एक रेघ कोण वेगळी काढणार?

श्रावण लागला तशी ती रेघ रुंद झाली, नख त्या रेघेवर मधोमध चिरलं, आणि काळेपणा नख सोडून मागच्या कातडीवर चढला. तो मला आवडला नाही. चीक कातडीवर चढला तर कातडी सोलून जाते, हा जात नव्हता. मी म्हटलं, "आये, रत्नागिरीला दाखवूया."

"मला काय दुकत नाय," आई म्हणाली.

आमच्याकडे दुखत नाही म्हणजे आजार नाही. दुखणंसुद्धा अंगावर काढायचं असतं, तर न दुखण्याचं कौतुक कोण करतो? मग मी युक्ती केली. म्हटलं मलाच दाखवायचंय, विहिरीवरून हंडा घेऊन घाटी चढताना मला धाप लागते, डोळ्यांपुढे अंधारी येते. हे खरंही होतं. आई लगेच निघाली. मुलगी लग्नाची, तिला धाप लागून चालणार नव्हतं.

रत्नागिरीत एका औषधांच्या दुकानामागच्या खोलीत कोल्हापूरचा एक चामडीचा डॉक्टर महिन्यातून एकदा येऊन बसे. बाहेरच्या बाकावर आमच्या शेजारी मिरकरवाड्याची एक कोळंबी सोलणारी होती, बर्फाच्या पाण्याने तिच्या नखांच्या कडा सुजून पांढऱ्या पडलेल्या. पलीकडे एक म्हातारे, जहाजावर उमर काढलेले चाचा. त्यांच्या बोटांची टोकं फुगून गोल झाली होती आणि नखं पालथ्या पळीसारखी वाकली होती. डॉक्टर बाहेर आला, कुणाला काही न विचारता बाकावरच्या सगळ्यांचे हात हातात घेऊन बघत गेला. चाचांना म्हणाला, "तुमचं काम माझ्याकडे नाही, आधी छातीचा फोटो काढा."

आई माझ्या कानाशी आली. "डाक्टर हाय की ज्योतिषी? हात दाखवून अवलक्षण नको बाय."

आत गेल्यावर त्याने आधी माझा हात घेतला. माझी नखं मधे खोलगट झाली होती, मी कधी नीट पाहिलीच नव्हती. त्याने पेल्यात बोट बुडवून माझ्या नखावर पाण्याचा एक थेंब सोडला. थेंब तिथेच बसला, हात हलवला तरी हलला नाही.

"बघा मावशी," तो आईला म्हणाला, "नख भरलेलं असतं तर थेंब घरंगळला असता. पोरीच्या अंगात रक्तच नाही."

आईचा चेहरा उतरला. तिचं नंतरचं सगळं लक्ष त्या थेंबावरच राहिलं असं मला वाटतं, कारण मी तिचा अंगठा पुढे केला आणि डॉक्टर तो घेऊन खिडकीशी गेला, तेव्हाही ती माझ्या नखांकडेच बघत होती. त्याने अंगठा उजेडात फिरवून पाहिला, नखामागची कातडी दाबली. आईने आपणहून सांगितलं, काजूचा चीक आहे, मुरलाय.

"चीक असता तर नखाबरोबर पुढे गेला असता," तो म्हणाला. "हे मुळातून येतंय." मग त्याने त्या रोगाचं नाव घेतलं. ते नाव तेव्हा आमच्या गावात मोठ्याने घेत नसत. अंगठा काढावा लागेल, मुंबईला जा, आणि थांबू नका, असं त्याने सरळ सांगितलं.

"पोरीला गोळ्या लिवून द्या," आई म्हणाली.

त्याने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, या वेळी आवाज चढवून. आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "गणपती होऊ देत. अंगठ्याबिगर मोदकाच्या कळ्या पडत नाय."

"मोदक दुसरं कुणीतरी करेल, मावशी."

आईने त्याच्याकडे असं पाहिलं की जणू त्याने गणपतीलाच उपाशी परत पाठवायला सांगितलं होतं. आमच्या घरात उकडीला हात लावणारी ती एकटी. सासू गेल्यापासून एकाही वर्षी खंड पडला नव्हता. परतीच्या एसटीत मी तिच्याकडे पाठ करून खिडकीशी बसले. ती मात्र वाटेत उतरून गूळ आणि खजूर घेऊन आली.

वडील गणपतीला आले. मी त्यांना सामान ठेवू न देता अंगणातच सगळं सांगितलं. त्यांनी अंगठा पाहिला, डोक्याला हात लावला आणि म्हणाले, नेतो. पण मुंबईच्या त्यांच्या खोलीत गावचेच दहा-बारा गडी, पाळीपाळीने झोपायचे. बाईमाणसाला कुठे ठेवायचं? कुणा नातेवाइकाकडे सोय करतो, दिवाळीत नेतो, असं ठरवून ते विसर्जनानंतरच्या जादा गाडीने गेले. वाईट कुणीच नव्हतं. याचाच मला जास्त राग येतो, कारण तो कुणावर काढता येत नाही.

नैवेद्याच्या दिवशी मी आईला म्हटलं, मला करू दे. माझी पारी फाटली, सारण बाहेर आलं. "बघ, म्हणून सांगत व्हते," ती म्हणाली आणि अंगठ्याला स्वच्छ फडक्याची पट्टी बांधून बसली. पट्टीतल्या त्या अंगठ्याने कळ्या पाडल्या, बारीक, एकसारख्या, कळीला कळी लागून. इतके देखणे मोदक तिच्याही हातून पूर्वी झाले नव्हते. मी तेव्हापासून मोदक करते, घरात सगळे नावाजतात. मला स्वतःला ते गोड लागत नाहीत.

दिवाळीत मुंबईला नेलं, तोवर काखेत सुपारीएवढी गाठ आली होती. अंगठा काढला, गाठही काढली. डॉक्टरांनी वडिलांना बाजूला घेऊन उशीर झाल्याचं सांगितलं. वडील आईला घेऊन आले तेव्हा त्यांनी मला तेच सांगितलं, तुळशीपाशी उभं राहून, माझ्याकडे न बघता.

आईने त्या हाताबद्दल एकदाही तक्रार केली नाही. तिचं सगळं ध्यान माझ्या गोळ्यांवर. सकाळी गोळी, वर लिंबूपाणी, दुपारी नाचणीची भाकरी, भाजी लोखंडी कढईतच. मी खाल्लं नाही तर तीही ताटावरून उठायची. आणि दर रविवारी न्हाणं झालं की ती मला पायरीवर बसवायची, डाव्या हाताचं बोट तांब्यात बुडवून माझ्या नखावर थेंब सोडायची आणि डोळे बारीक करून बघायची.

"अजून थांबताय," म्हणायची. मग आठवडाभर गुळाचा खडा मोठा व्हायचा.

थंडी संपली, काजूला बोंडं आली, शेडची भट्टी दिवसभर पेटू लागली. आई आता अंथरुणाला खिळली होती. हात रिकामे, म्हणून तिची नखं वाढली. गणपतीनंतर शेडमध्ये पुन्हा चढलेला काळेपणा सरकत टोकाला आला आणि एक दिवस मीच तो कापून टाकला. खाली नखं गुलाबी होती, शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी. माझ्या आईच्या बोटांचा खरा रंग मी इतक्या सावकाश कधीच पाहिला नव्हता. आईनेही हात उजेडात धरून पाहिला. "बाय, लग्नात मेंदीची गरज नाय आता," ती म्हणाली. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

शेडमधल्या बायका भेटायला आल्या, धुराचा वास घेऊन, काळ्या हातांनी. त्यातली एक वयस्क बाई आईच्या उशाशी बसली आणि हळहळून म्हणाली, "हिच्या नखात कदी रोग नव्हता गो." बोलल्यावर तिलाच कळलं. तिने पदर तोंडाला लावला. बाकीच्यांनी आपापले हात नकळत लुगड्याच्या ओच्यात लपवले.

शिमगा झाला. वडील या वेळी परत गेले नाहीत, यावरून मी काय समजायचं ते समजले. एका सकाळी मी वाटीतलं पाणी चमच्याने तिला पाजत होते, पण पाणी ओठांवरून गालावर ओघळत होतं. तिने डाव्या हाताने चमचा बाजूला सारला, वाटीत बोट बुडवलं आणि चाचपडत माझा हात शोधला. रविवार नव्हता. मी हात पुढे केला. पहिला थेंब चटईवर पडला. दुसरा माझ्या नखावर पडला आणि घरंगळून गेला.

तिने ते पाहिलं. "भरला नख," म्हणाली. "आता लगीन करा."

त्यानंतर ती बोलली नाही. संध्याकाळी शेजारच्या काकीने तुळशीचं पान घातलेलं पाणी माझ्या हातात दिलं आणि आईच्या तोंडात सोडायला सांगितलं. मी बोट बुडवून तिच्या ओठांवर धरलं. पाणी माझ्या नखावरून सरळ खाली उतरलं, एक थेंबही मागे राहिला नाही.