कुंभारणीचं घर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. तसं पाहिलं तर गोष्ट मूठभर मातीची — मग इतकी वर्षं का लपवली?

आमचं घर पेणजवळच्या गडब गावात. मी धाटावला कंपनीत कामाला. तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं. घरात आई, दादा आणि वहिनी. वहिनीच्या लग्नाला आठ वर्षं झालेली, मूल नव्हतं. नवस झाले, पेणच्या डॉक्टरांची औषधं चालू होती. त्या वर्षी खिडकीच्या चौकटीला कुंभारणीनं घर केलं. कुंभारीण म्हणजे मातीचं घर बांधणारी गांधीलमाशी. ती घरात आली की पाळणा हलतो, असं आमच्याकडे मानतात. वहिनी जाता-येता तिकडे बघायची, एकटीच हसायची. शेजारच्या खुंटीवरचं माझं हेल्मेट तिनं काढलं. "भावजी, हितं काय ठेवू नका हां."

मी ठेवलंच. सवय — की मुद्दाम? सकाळी शिफ्टला निघताना घाईत ते ओढलं आणि माशी बोटाला डसली. नुसती आग. राग आला, पण माशीचा नाही. सगळं घर त्या मातीभोवती जपून चालत होतं, त्याचा. हेल्मेटनंच ते घर ठेचलं. आतून हिरव्या अळ्या पडल्या. पायानं माती सारली आणि गाडीला किक मारली.

संध्याकाळी आलो तर आई वहिनीवर तोंड टाकत होती. आदल्या दिवशी वहिनीनं जळमटं काढली होती ना! "तुझीच केरसुणी लागली गो. हातचं घालवलंस."

वहिनीनं मला विचारलं, "भावजी, सकाळी व्हतं का वो?"

"मी बगितलं नाय," मी म्हटलं.

माझं सुजलेलं बोट तिलाच दिसलं. कंपनीत डसली, म्हणालो. तिनं चुना आणला, फुंकर घालत लावला. तेव्हा सांगता आलं असतं. बोट तिच्या हातातच होतं.

माशीमुळे मूल होत नाही, हे मला ठाऊक होतं. तिला तसं वाटत नव्हतं — हेही ठाऊक होतं. त्यानंतर ती डॉक्टरांकडे गेली नाही. दादानं समजावलं, भांडला. मी शिफ्टला जात राहिलो. मूल झालं नाही.

अजून दिवाळीआधी जळमटं काढायची वेळ आली की वहिनी केरसुणी माझ्या हातात देते. "तुम्हीच काढा भावजी. माझा हात वायट हाय."

मी घेतो. काढतो.