तिसऱ्या हौदातले तीन मासे

देवाला हात जोडतानाही 'असलास तर' असं मनात म्हणणारा मी माणूस. भुताखेताच्या गप्पा निघाल्या की सगळ्यात आधी मीच टर उडवायचो. तरीही हे लिहितोय... कारण हे माझ्याच हातून घडलं, आणि भर सकाळी.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. गडचिरोलीसकट सगळा चांदा जिल्हाच होता तेव्हा. वैनगंगेकाठच्या एका छोट्या नगरपालिकेत मी मुकादम होतो. गावाचं नाव सांगत नाही. ट्रीटमेंट प्लांट वगैरे शब्द आम्ही ऐकलेही नव्हते. गटाराचं पाणी गावाबाहेरच्या तीन हौदांत यायचं – पहिल्यात गाळ बसायचा, दुसऱ्यात निवळायचं, तिसऱ्यातून, चक्र फिरवून लोखंडी झडप उचलली की, नदीत सोडायचं.

पण झडप उचलायची ती झिंगूभाऊंनी होकार दिल्यावर. झिंगूभाऊ म्हणजे हौदांचे राखणदार, म्हातारे ढिवर, जन्मभर नदीत मासेमारी केलेले. सकाळी नदीतले तीन बोटभर मासे बांबूच्या टोपलीत घालून ती तिसऱ्या हौदात दोरीने सोडायची, दुपारी पाहायची. मासे जिवंत, तर पाणी सोडायचं.

"पानी आपल्याले साफ दिसते, बापू," ते म्हणायचे. "माश्याले इचार."

मी हसायचो. मासे रोज जिवंतच असायचे ना!

त्या उन्हाळ्यात झिंगूभाऊ लेकीकडे सिंदेवाहीला गेले. टोपली हौदांजवळच्या आपल्या खोपीत ठेवून कुलूप लावलं, किल्ली करदोड्याला. "नवी टोपली घेजो, पन मासे सोडल्याबिगर चक्र फिरवू नोको," एवढं बजावून गेले.

दोन दिवस मी ऐकलं. तिसऱ्या दिवशी माझ्या ताईचं डोहाळजेवण होतं. तिचं सासर नदीच्या खालच्या अंगाला, दीड कोसावर. पहिलंच बाळंतपण. तिथे सगळं गाव नदीच्या वाळूत खणलेल्या झिऱ्याचं पाणी पितं. मासे सोडून दुपारपर्यंत थांबलो असतो तर पंगत हुकली असती. हौद काठोकाठ भरलेले, पाणी नितळ... मी चक्राला हात घातला. दोन वेढे ढिले जातात, तिसऱ्याला झडप उचलली जाते.

दुसरा वेढा झाला आणि शेजारी दोरी करकरली.

हौदाच्या काठावरच्या खुंटीला दोरी बांधलेली होती. क्षणापूर्वी मी त्याच खुंटीला धोतराचा सोगा अडकून धडपडलो होतो – तेव्हा दोरी नव्हती, शपथेवर सांगतो. ओढली. वर झिंगूभाऊंची टोपली आली, काठाला लाल चिंधी गुंडाळलेली. आत तीन मासे, पोटं वर. कल्ले अजून लाल होते.

टोपली तिथेच टाकून खोपीकडे धावलो. कुलूप जसंच्या तसं. परत येऊन आधी चक्र उलटं फिरवलं, मग गटाराच्या कडेने वर चालत गेलो. गावाच्या टोकाला डासांचं औषध फवारणारी कंत्राटी माणसं पिंपं गटारात विसळत होती. "कालपासून इथीच धुवून राह्यलो," त्यातला एक सहज म्हणाला.

मी तसाच हौदांकडे पळालो. मग हौदाचा बांध फोडून सगळं पाणी पडीक रानात सोडलं. डोहाळजेवण अर्थातच हुकलं.

झिंगूभाऊ चार दिवसांनी परतले; तोवर मी हौदांकडे फिरकलो नव्हतो. त्यांनी माझ्यादेखत कुलूप काढलं. टोपली आत खिळ्याला, कोरडी ठणठणीत, चिंधीवर धूळ. हौदाच्या काठावर ना टोपली ना दोरी. फक्त तीन वाळलेले मासे आणि त्यांना लागलेल्या मुंग्या.

मला वाटलं, म्हातारा काहीतरी उलगडा करेल. पण सगळं ऐकून त्यांचाच चेहरा उतरला. "मी तं त्या टायमाले पोरीच्या अंगनात जेवून राह्यलो होतो, बापू," एवढंच म्हणाले, आणि मासे धोतराच्या सोग्यात घेऊन नदीकडे गेले.

मासे कोणी सोडले, मला आजही ठाऊक नाही. दोन महिन्यांनी ताईला मुलगा झाला. ताई शेवटपर्यंत मला चिडवायची – माझ्या डोहाळजेवणाला तेवढा तू आला नाहीस. मी नुसता हसायचो. त्या सकाळी चक्रावर माझा हात होता, हे तिला सांगायची हिंमत मला कधीच झाली नाही.