शिबेनिकच्या चर्चमधला शेवटचा बाक

अमेरिकेतल्या फ्रीमाँटहून निघालो त्या सकाळी ओळखीतल्या करंदीकर काकूंनी माझ्या मनूला हळद लावली. टाउनहाउसमध्ये पाट नव्हता, म्हणून मनू स्वयंपाकघरातल्या बुटक्या स्टुलावर बसली होती. काकू माझ्याहून वयानं लहान, पण इकडे सगळे त्यांना काकूच म्हणतात, म्हणून मीही म्हणते. हळद मी कालवून ठेवली होती. लावायला मात्र पुढं झाले नाही, फ्रिजजवळ उभी राहून बघत होते.

मनूचे बाबा ती नववीत असताना गेले. तेव्हापासून अशा वेळी मी मागं राहते. मला कोणी तसं सांगितलेलं नाही. पुतणीच्या लग्नात हळदीच्या वेळी मी आपण होऊनच कोठीच्या खोलीत लाडवांच्या डब्यांजवळ जाऊन बसले होते. स्वतःचं मला काही वाटत नाही. माझा पायगुण लेकीला लागू नये, एवढंच.

मनू सांता क्लाराला सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तिथंच तिची आन्तेशी ओळख झाली. आन्ते क्रोएशिया देशातला. इटलीच्या समोर, समुद्राच्या पलीकडच्या किनाऱ्यावर हा देश आहे. आन्तेचे आईवडील तो लहान असतानाच गेले, वडिलांच्या आईनं, म्हणजे आजीनं, त्याला वाढवलं. आजीचं एकच मागणं होतं, लग्न शिबेनिकच्या कॅथेड्रलमध्ये (बिशपच्या मोठ्या चर्चमध्ये) व्हावं. मनूनं आपला धर्म सोडायचा नाही, हे तिथल्या पाद्रींनीही मान्य केलं होतं. आपल्याकडचं म्हणून जाताना हळद आणि परत आल्यावर दारात ओवाळणं, एवढंच ठेवलं.

मी मनाशी ठरवलं होतं, जायचं, डोळे भरून लग्न बघायचं, पण सगळ्यात मागं बसून.

सॅन फ्रान्सिस्कोहून फ्रँकफर्ट आणि तिथून छोट्या विमानानं क्रोएशियातलं स्प्लिट. विमानातल्या बाईनं मला शाकाहारी म्हणून एक केळं आणि पाव दिला. स्प्लिटच्या विमानतळावर माझी पिशवी उघडली गेली आणि देवापुढं ठेवायला घेतलेला नारळ बाहेर आला. तिथल्या शिपायानं तो कानाशी धरून हलवला. आत पाणी वाजलं तसा त्यानं दुसऱ्या शिपायाला बोलावलं, त्यानंही हलवला. मी घाबरून पदर घट्ट धरून उभी. आन्तेनं त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं, तसे दोघं हसले आणि नारळ दोन हातांनी मला परत दिला.

“काय सांगितलंस रे त्यांना?” मनूनं इंग्रजीत विचारलं.

“सासूबाई आहेत आणि हे त्यांच्या देवाचं आहे. दोन्हींना हात लावू नका.”

मनूनं मला मराठीत सांगितलं, तेव्हा मलाही हसू आलं.

स्प्लिटहून शिबेनिकला गाडीनं समुद्राच्या कडेकडेनं रस्ता जातो. डावीकडे निळंभोर पाणी, उजवीकडे बोडके डोंगर. आमच्या संगमनेरकडचे डोंगर उन्हाळ्यात दिसतात तसेच, फक्त काळ्याऐवजी पांढुरक्या दगडाचे. त्या दगडांतूनच वेचून रचलेले बांध आणि बांधांच्या आत ऑलिव्हची झाडं, अंजिराची झाडं. माती अगदी थोडी. एवढ्या मातीत काय पिकवत असतील, असा विचार करत मी बसले होते, तोवर खाडीपलीकडे गाव दिसलं. टेकडीवर किल्ला, खाली एकावर एक चढत गेलेली लाल कौलारू घरं आणि पाण्याजवळ एक पांढरा घुमट.

“तेच,” आन्ते म्हणाला. त्यानं गाडी हळू केली.

आजीचं घर गल्लीत वर होतं. गाडी जात नाही, दगडी पायऱ्याच. पायऱ्या शेकडो वर्षं पाय लागून इतक्या गुळगुळीत झाल्यात की मी दोनदा घसरले. आन्ते बॅगा घेऊन पुढं होता, मागं वळून म्हणायचा, “आई, पोमालो! (सावकाश!)” हा शब्द तिथं दिवसातून पन्नास वेळा ऐकू येतो. दुकानदार म्हणतो, पाद्री म्हणतात, भांडणारेही म्हणतात.

आजीला सगळे नोना (आजी) म्हणत. दारात ती उभी होती आणि तिला बघून मला धक्काच बसला. डोक्याचा रुमाल काळा, झगा काळा, पायमोजे काळे. मनूनं हळूच सांगितलं, नवरा गेला तेव्हापासून तिनं दुसरा रंग घातलेला नाही, तिथल्या जुन्या बायकांची रीतच आहे ती. मला एकदम ती आपली वाटली. भाषा कळत नव्हती, पण हिला आणि मला एकच गोष्ट माहीत आहे असं वाटलं.

जेवायला तिनं मोठा भाजलेला मासा माझ्यापुढं ठेवला. मनूनं सांगितलं, आई मासे खात नाही. नोनानं आन्तेकडे बघून लांबलचक काहीतरी विचारलं.

“ती म्हणते, मांस नाही, मासा नाही, मग या जिवंत कशा?”

मग तिनं ब्लित्वा (पालकासारखी पालेभाजी, बटाटा आणि लसूण घालून) केली. वरून ऑलिव्हचं तेल. मिरचीची आठवण आली, पण भाजी चांगली होती. नोना समोर बसून माझ्या प्रत्येक घासाला “येदी, येदी (खा, खा)” म्हणत होती.

लग्नाच्या आदल्या दिवशी आम्ही चौघं चर्च बघायला गेलो. जवळ गेल्यावर कळलं की सगळी इमारत दगडाची आहे, छप्परसुद्धा. लाकूड नाही, चुना नाही, दगडाच्या खाचेत दगड बसवलेला. बाजूच्या दारापाशी दोन दगडी सिंह आहेत. मी सवयीनं त्यांच्याजवळ चपला काढल्या आणि अनवाणी आत गेले. आत अंधार आणि गारवा. उंचावरच्या खिडकीतून उजेड येत होता आणि मेणबत्त्यांचा वास होता. वेदीकडे जायला पायऱ्या आहेत. त्या पायऱ्यांपर्यंत मधली वाट सरळ जाते आणि दोन्ही बाजूंना बाक. मी शेवटचा बाक बघून ठेवला.

१९९१च्या युद्धात या घुमटाला तोफेचा गोळा लागला होता, आन्ते तेव्हा शाळकरी होता. तो आणि नोना तळघरात बसले होते. बाहेर आल्यावर नोनानं आधी घुमट आहे का ते बघितलं, मग आपलं घर.

बाहेर आलो तर चपला नाहीत. दारात बसणाऱ्या एका म्हाताऱ्यानं कोणीतरी विसरलं म्हणून उचलून आत तिकिटाच्या बाईकडे दिल्या होत्या. ती बाई चपला घेऊन आली तेव्हा माझ्या पायांकडे बघून तिनं छातीवर क्रूस काढला.

“आई, चर्चमध्ये चपला काढत नाहीत गं,” मनू म्हणाली.

“देवच ना? मग काढल्या तर रागवायचा नाही.”

मागच्या बाजूला गेलो. तिथं भिंतीवर ओळीनं दगडात कोरलेले चेहरे आहेत. देवांचे नाहीत, राजांचेही नाहीत, त्या काळच्या साध्या माणसांचे. एक मिशीवाला, एक वेणी घातलेली बाई, एकाची तर दाढ दुखत असावी. आन्ते म्हणाला, “लहानपणी नोना सांगायची, खोटं बोललास तर पुढचं तोंड तुझंच कोरणार.” मी बराच वेळ बघत राहिले. मनू माझ्याजवळ येऊन थांबली.

“आई, इथं नवरीला तिचे वडील वेदीपर्यंत नेतात.”

“हो, सांगितलंस तू.”

“उद्या तू चल ना माझ्याबरोबर.”

“मी नाही.”

“आई, प्लीज. इथं कोणाला माहितीये?”

“मला माहितीये ना.”

ती म्हणाली, “ठीक आहे यार. एकटी जाईन. प्रेझेंटेशनला जाते तशी.” असं म्हणून ती हसली, पण पुढं चालायला लागली ती माझी वाट न बघता.

लग्नाच्या दिवशी मी लवकर जाऊन शेवटच्या बाकावर बसले. तीसचाळीस माणसं असतील. आन्ते वेदीपाशी उभा होता. नोना दारातून आली. नवा काळा झगा, कानांत सोन्याचे डूल. ती आत येताना एक क्षण थांबली आणि मला वाटलं, हिलाही माझ्यासारखंच कुठं बसावं ते समजत नाही. कोणी तिला मागं हो म्हणण्याआधी आपणच मानानं बसवावं. मी उठले, तिचा हात धरला आणि माझ्या बाकावर आणून बसवलं. तिनं माझ्याकडे बघितलं, वेदीकडे बघितलं आणि मान डोलावून शांत बसली. मला बरं वाटलं. दोघी मिळून बघू, असं मनात आलं.

बाजा (पाइपांचा मोठा ऑर्गन) वाजायला लागला. एक धून संपली, तीच पुन्हा सुरू झाली. पाद्री दाराकडे बघत होते, आन्ते मान उंच करून कोणाला तरी शोधत होता. लोक वळून वळून बघायला लागले. मनू दारात आली, लाल शालूत, एकटी. आमच्या बाकाशी पोचली आणि थांबली.

“आई, नोना इथं काय करतेय? आन्तेबरोबर ती पुढं उभी राहणार होती. सगळे थांबलेत!”

“मीच बसवलं त्यांना. अगं, त्याही माझ्यासारख्याच ना.”

मनूच्या चेहऱ्यावर हसू आणि रडू दोन्ही एकदम आलं. तेवढ्यात आन्तेच भरभर चालत आला आणि नोनाला काही विचारलं. नोना म्हणाली, तुझ्या सासूकडे आयांनी मागं बसायची रीत असेल, पाहुणीचा मान मोडायचा नाही म्हणून मी बसले. मग मनूकडून ऐकून आन्तेनं तिला माझं कारण सांगितलं. नोना एवढ्या मोठ्यानं हसली की वरच्या दगडांतून आवाज फिरून आला. आपल्या काळ्या झग्यावर हात आपटत ती बोलली, आन्तेनं ते इंग्रजीत सांगितलं आणि मनूनं मराठीत.

“ती म्हणते, अशाच काळ्या कपड्यांत मी माझ्या दोन्ही मुलींना या वाटेनं नेलं. दोघी सुखात आहेत. मी नाही न्यायचं तर कोणी, या दगडांनी?”

मी खाली बघत होते. मला कोणी कधी मागं बसवलं नव्हतं, आणि मी मात्र एका चांगल्या बाईला तिच्याच गावात, तिच्याच नातवाच्या लग्नात मागं बसवलं होतं.

नोना उठली. “हायदे (चल),” म्हणाली आणि माझा दंड धरला. शेतात काम केलेला हात होता, सुटण्यासारखा नव्हता. माझी भीती गेली होती असं मी म्हणणार नाही. मधल्या वाटेवर पाय ठेवताना मनात देवाचं नाव घेत होते आणि शिक्षा करायची तर मला कर, तिला नको, असं सांगत होते. एका बाजूला नोना, दुसऱ्या बाजूला मनू. मनूचा हात बर्फासारखा गार होता. तेव्हा मला कळलं की एकटं चालायला तीही घाबरली होती. वाट लांब नव्हती. वेदीच्या पायऱ्यांशी नोनानं आन्तेच्या कपाळावर अंगठ्यानं क्रूस काढला आणि मला खुणेनं म्हणाली, आता तू. मला क्रूस काढता येत नाही. मी मनूच्या डोक्यावर हात ठेवला.

चार दिवसांनी परत निघालो. नोनानं सुकी अंजिरं बांधून दिली. अमेरिकेच्या विमानतळावर ती काढून घेतील म्हणून मी फ्रँकफर्टलाच आजूबाजूच्या प्रवाशांना वाटून टाकली.

फ्रीमाँटला दुपारी पोचलो. करंदीकर काकू ओवाळायला येणार होत्या, पण त्यांचा फोन आला.

“अहो, फ्रीवेवर अडकलेय, अर्धा तास तरी लागेल. तोवर त्यांना गाडीतच बसवा.”

दोघं गाडीत एकमेकांवर डोकं टेकून झोपली होती. मी आत जाऊन ताम्हन काढलं, निरांजन लावलं आणि दोघांना उठवून दारात उभं केलं. आन्ते गंभीर तोंड करून उभा होता, मनू माझ्याकडे बघत होती. काकू आल्या तेव्हा दोघांच्या कपाळाला कुंकू होतं.

“कोणी ओवाळलं?”

“मी.”

त्यांनी एकदा मनूकडे बघितलं, मग पर्स ठेवून म्हणाल्या, “बरं झालं. नाहीतर बिचारी गाडीत उकडली असती.”

पुढच्या आठवड्यात मनूला ताप आला. आन्तेच्या ऑफिसात निम्म्या लोकांना आला होता. तरी हे तेच, मी पुढं झाले म्हणूनच, असं मन म्हणायला लागलं. सकाळभर मी तिच्या खोलीत गेले नाही. काढा करून दारातूनच विचारलं, “घेतेस का?”

“आई, तिथून कसा घेऊ?” ती आतून म्हणाली. आवाज बसला होता.

मी आत गेले. काढ्याचा पेला खाली ठेवला आणि तिच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ तापलं होतं. मी हात काढला नाही.